त्रेचाळीस सह्यांची साक्षीदार

१६ मार्च

दुपारी सव्वादोनला शूटिंग थांबलं. मालिकेतली सून दारात ताट घेऊन उभी होती आणि दिग्दर्शकांना फोन आला. ते म्हणाले, "उद्यापासून सगळं बंद, वरून आदेश आहे." सून म्हणाली, "मग मी आत येऊ की बाहेरच राहू?" सगळे खो खो हसले. साथ पंधरा दिवसांत ओसरेल असं जो तो म्हणतोय. मलाही तसंच वाटतंय.

ऑफिसही उद्यापासून बंद, म्हणून ही वही काढली. बावीस वर्षं मी या कंपनीत लोकांचे करार लिहितेय, पण स्वतःबद्दल कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. वकिलीची दोन वर्षं करून शिक्षण सोडलं, म्हणून सेटवर मला अर्धी वकील म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. त्या दोन वर्षांची फीसुद्धा दादाने भरली होती. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. याच मालिकेचा मेकअप करतो, त्यामुळे सेटवर तो सगळ्यांचाच दादा आहे. घरी आम्ही तिघं: दादा, वहिनी आणि मी.

२३ मार्च

साहेबांचा, म्हणजे आमच्या निर्मात्यांचा, सकाळीच फोन. "बाई, तुमच्या दोन शब्दांनी कंपनी वाचली."

आमच्या करारात सतरावं कलम आहे. युद्ध, आग, पूर, भूकंप असं माणसाच्या हाताबाहेरचं काही घडलं, तर तेवढ्या दिवसांपुरतं कंपनीवर कसलंही बंधन नाही. आठ वर्षांपूर्वी त्यात 'साथीचे रोग' हे शब्द मी घातले. तेव्हा कंपनीचे वकील हसले होते, "बाई, उल्कापातही घाला की." आज त्यांचं हसू जिरलं.

एकसष्ट जणांना सूचनापत्रं पाठवली. खोटं कशाला बोलू, दिवसभर छाती फुगलेली होती. एक पत्र दादालाही गेलं. जेवताना त्याने ते मोठ्याने वाचलं, "'नियंत्रणाबाहेरील परिस्थितीमुळे आपले मानधन स्थगित करण्यात येत आहे.' छान लिहिलंयस गं."

वहिनी म्हणाली, "स्थगित म्हणजे नंतर देणार?"

मी म्हटलं, "नाही. म्हणजे नाहीच."

ती भांडी उचलून आत गेली.

१५ एप्रिल

शेरास सव्वाशेर. मालिका दाखवणाऱ्या वाहिनीने आमच्या कंपनीला तसंच पत्र पाठवलंय. त्यांचं कलम एकवीस. नवे भाग येईपर्यंत त्यांच्याकडूनही काही नाही. साहेबांचा आवाज आज पहिल्यांदा बसलेला वाटला. माझा पगार निम्मा केलाय. निम्मा तरी आहे, म्हणून गप्प बसले.

९ मे

दादा रोज ब्रश धुतो, टॉवेलवर ओळीने वाळत घालतो, संध्याकाळी पेटीत भरतो. न वापरलेले ब्रश किती धुवायचे! वहिनीने मास्क शिवायला घेतलेत.

आज कपाटावर दादाची विगांची पेटी दिसली नाही. विचारलं तर म्हणाला, "मित्राला दिलीय वापरायला." सगळं बंद असताना मित्राला विग कशाला लागले कोण जाणे. दादाचा स्वभावच भोळा. कोणी मागितलं की दिलं.

११ जून

शूटिंगला परवानगी आली. नियमांचं बाड आहे चौदा पानांचं. गर्दीचे सीन नाहीत, मिठ्या नाहीत, सेटवर त्रेचाळीस माणसं, एकही जास्त नको. आणि पासष्ट वर्षांवरच्या कोणालाही प्रवेश नाही.

म्हणजे आमच्या मालिकेतले आजोबा गेले. त्यांना कळवायचं काम माझ्याकडे. सत्तर वर्षांचा नट, अकरा वर्षं आमच्याकडे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हातारा आहे म्हणून तुम्ही मला आजोबा केलंत. आता म्हातारा आहे म्हणून मला आजोबा होता येणार नाही. वकीलबाई, यावर कुठलं कलम?"

मी म्हटलं, "सतरा." त्यांनी फोन ठेवला.

त्यांच्या जागी अडतीस वर्षांचा एक जण घेतलाय. रोज त्याला म्हातारा करायचा. सुरकुत्या, मिशी, भुवया, सगळं. दिग्दर्शक म्हणाले, "हे काम दादाच करू जाणे."

१३ जून

दादा पासष्टच्या आतला नाही. सहासष्ट आहे. शाळेत घालताना वडिलांनी दोन वर्षं कमी सांगितली, त्यामुळे कागदावर चौसष्ट. घरात हे सगळ्यांना ठाऊक. दर वाढदिवसाला त्यावरून एकदा तरी हसू होतंच.

आज तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"यादी तू करतेस ना?"

"दादा, नियम आहे."

"कागदावर चौसष्ट आहे. कागद कधी खोटं बोलतो का? तूच म्हणतेस, कागदावर असेल तेच खरं."

"आजार वय कागदावर बघत नाही."

"तीन महिने मी घरात बसून बायकोने शिवलेल्या मास्कांवर जेवतोय," तो म्हणाला. "तुला काय सांगू आता."

मी म्हटलं बघते. तो गेल्यावर यादीत अठ्ठावीस नंबरला त्याचं नाव लिहिलं. त्याला कामावाचून करमत नाही. कलावंत माणूस, घरात कोंडून ठेवला तर तसाच आजारी पडेल.

१९ जून

कंपनीच्या वकिलांनी हमीपत्राचा मसुदा पाठवलाय. कामावर येणाऱ्या प्रत्येकाने सही करायची. मसुद्यावर त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नाही, नुसतीच पानं. भाषा इतकी कठीण की लाइटमनचं तर सोडाच, मलाही दोनदा वाचावी लागली. साहेब म्हणाले, "सोपं करा बाई. लोकांना समजेल असं लिहा."

लिहिलं. 'मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय कामावर येत आहे. मला संसर्ग झाल्यास त्याची, उपचारांच्या खर्चाची व त्यातून उद्भवणाऱ्या सर्व परिणामांची जबाबदारी माझी राहील. कंपनीवर राहणार नाही.' 'मृत्यू' हा शब्द मसुद्यात होता. लोक घाबरतील म्हणून मी त्या जागी 'सर्व परिणाम' घातलं. वाचायला कसं मऊ वाटतं.

खाली साक्षीदाराची ओळ. ती वकिलांनी करायची असं मला वाटलं होतं. साहेब म्हणाले, "छे! तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे. तुमची सही असली की कोणी प्रश्न विचारणार नाही." बावीस वर्षांत इतकं चांगलं बोलले नव्हते.

२२ जून

स्टुडिओच्या फाटकाशी टेबल टाकून बसले. हात धुवा, ताप मोजा, सही करा. जुनी माणसं भेटल्यावर नुसते डोळे हसत होते, बाकी तोंडं झाकलेली.

लाइटमनने मात्र कागद पूर्ण वाचला. बोट लावून, ओळ न् ओळ. मग विचारलं, "सही नाही केली तर?"

माझ्या मागे प्रॉडक्शन मॅनेजर उभा होता. तो म्हणाला, "ती बघ, बस उभी आहे. परत जातेय. बस जाऊन."

लाइटमनने माझ्याकडे पाहिलं. मी पेन पुढे केलं.

दादाने सही ठोकली ती एखाद्या मंत्र्यासारखी, खाली रेघ ओढून. "साक्षीदार बाई, करा तुमची." सगळे हसले.

त्रेचाळीस वेळा सही केली. मनगट दुखतंय.

६ जुलै

नवा आजोबा पडद्यावर शोभतो. दादाला त्याच्या चेहऱ्यावर पावणेदोन तास लागतात, अगदी तोंडाशी तोंड नेऊन काम. दादा मास्क, वर काच, हातमोजे सगळं घालतो, पण ज्याचा चेहरा रंगवायचा त्याला कसला मास्क! दादा खुशीत आहे. परवा वहिनीसाठी चप्पल आणली.

१४ जुलै

नवा आजोबा दोन दिवस आलेला नाही. मॅनेजर म्हणाला, पोट बिघडलंय. त्याचे सीन पुढे ढकलले. त्याची खोली आज दोनदा औषध मारून धुतली. स्वच्छता चांगली ठेवतात हं आता, पूर्वी वर्षवर्ष कोणी झाडू मारत नसे.

१७ जुलै

दादा चिडलाय. मिशी चिकटवायचा डिंक नवा आणलाय, त्याला वासच नाही म्हणे. "भेसळ करतात मेले. जुन्या डिंकाने डोळ्यांत पाणी यायचं." मी बाटली उघडून पाहिली. मला तर आला वास. पण वाद कशाला घालू, त्याच्या धंद्यातलं त्याला जास्त कळतं.

लाइटमन आणि कपडेपट बघणारी बाई, दोघं आज आली नाहीत.

२० जुलै

दादाला ताप. खोकला.

रिपोर्ट यायचाय, पण मला कळलंय. डिंकाला वास होता. तीन दिवसांपूर्वी तो माझ्या समोर बसून सांगत होता आणि मी वहीत भेसळीची नोंद केली.

२३ जुलै

पाच दवाखाने फिरलो. सहाव्यात जागा मिळाली. स्ट्रेचरवरून नेताना म्हणाला, "त्या पोराच्या डाव्या भुवईला डिंक जरा जास्त लावत जा म्हणावं, उचकटते." मॅनेजरला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, त्यांनी सही केलीय हो ना? फाइल बघून ठेवा."

३१ जुलै

सकाळी सहा चाळीसला दादा गेला.

आम्हाला लांबून दाखवलं. पिशवीची चेन लावलेली होती. वहिनी म्हणाली, "हेच कशावरून?"

१२ ऑगस्ट

लिहायचं नव्हतं. पण कोणाशी बोलू?

मी त्याचं नाव यादीत घातलं. अठ्ठावीस नंबर. मी नाही म्हटलं असतं तर तो दोन दिवस रुसला असता. चार दिवस. आयुष्यभर रुसला असता तरी चाललं असतं. वहिनी मला काही म्हणत नाही. दुपारी शिलाई मशीनशी बसते आणि मशीन चालवत नाही.

विगांची पेटी त्याने विकली होती. वहिनीने आज सांगितलं. एप्रिलमध्येच.

२६ ऑगस्ट

वहिनीने कंपनीकडे अर्ज केला. दवाखान्याचं बिल आणि कंपनीने युनिटचा विमा काढला होता त्यातलं काही मिळावं म्हणून. चार ओळींचा अर्ज.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दादाबद्दल फार चांगलं बोलले. डोळे पुसले. मग म्हणाले, "उत्तर तुम्हीच लिहा. तुमच्या भाषेत लोकांना राग येत नाही."

"साहेब, ती माझी वहिनी आहे."

"म्हणूनच म्हणतो. वकिलांनी लिहिलं तर कसं लिहितील, तुम्हाला ठाऊक आहे."

लिहिलं. देवा, मी लिहिलं ते! घरात आता माझाच एक पगार आहे, आणि मला वाटलं मीच लिहिलं तर निदान शब्द तरी टोचणार नाहीत. 'सदर हमीपत्रान्वये कंपनीवर जबाबदारी येत नसल्याचे आपणांस खेदपूर्वक कळविण्यात येत आहे.' खाली सही साहेबांची.

१ सप्टेंबर

पत्र पोस्टाने आलं. वहिनीने उभ्यानेच वाचलं.

"हे तू लिहिलंयस."

मी पाकिटावरचं तिकीट बघत राहिले.

"'खेदपूर्वक' तुझा शब्द आहे. दुधाचा हिशोब चुकला तरी तू गवळ्याला खेदपूर्वक सांगतेस." पत्र घडी करून माझ्या हातात दिलं. "यांच्या फीवर शिकलीस ना गं तू?"

जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात, ते उगीच नाही.

८ सप्टेंबर

ऑफिसच्या फाटकाशी लाइटमनची बायको उभी होती. लाइटमन वाचला, पण दोन जिने चढू शकत नाही. दिवे कसले उचलणार! बिल फेडायला राहती खोली विकायला काढलीय. तिच्या हातात हमीपत्राची प्रत होती. आमचीच भाषा, माझीच.

"इथे सही तुमचीच ना?"

"हो."

"हे म्हणतात, स्वखुशीने लिहिलंय म्हणजे कुठे जाऊन उपयोग नाही. मी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज केलाय तरी. त्या बाई म्हणाल्या, साक्षीदार काय म्हणतो ते बघू." ती माझ्या अंगावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "तुम्ही तिथे होतात. खुशी होती का हो?"

मी तिला म्हटलं, नंतर बोलू. नंतर बोलू! बावीस वर्षं हेच करत आलेय.

१० सप्टेंबर

दोन दिवस जुनी पुस्तकं चाळली. अर्ध्या वकिलाला जेवढं कळतं तेवढं कळलं. पोटावर पाय देऊन घेतलेली सही खरी धरत नाहीत. पण तसं होतं हे कोणीतरी सांगायला हवं, आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कागदांवर साक्षीदार एकच आहे.

सांगितलं तर नोकरी जाणार. बावन्नाव्या वर्षी, या दिवसांत, मला कोण घेणार? घर कसं चालणार? आणि मी सांगायला उभी राहिले की दादाचं वयही निघणार. भीती वाटते. शूर वगैरे मी नाहीच.

संध्याकाळी वहिनीला म्हटलं, "लाइटमनच्या अर्जात तुझाही अर्ज जोडू या. मी साक्ष देते."

"दे," ती म्हणाली.

२९ सप्टेंबर

कामगार अधिकाऱ्यांची खोली. खिडक्या सताड उघड्या, खुर्च्या लांब लांब. अधिकारी बाई माझ्याहून लहान, नाकावर घसरलेला चष्मा. एका बाजूला लाइटमन बायकोच्या आधाराने, कपडेपटवाली बाई, वहिनी. दुसऱ्या बाजूला मॅनेजर आणि कंपनीचे वकील. साहेब आले नाहीत.

मी फाटकाशी काय झालं ते सांगितलं. बस उभी होती ते. मॅनेजर काय बोलला ते. मी पेन पुढे केलं ते. 'मृत्यू' काढून 'सर्व परिणाम' मी लिहिलं तेही.

अधिकारी बाईंनी मॅनेजरला नव्या आजोबाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "पोट बिघडलं होतं." माझ्याकडे बघितलं नाही.

मग कंपनीचे वकील उठले. "बाई, 'दबावाशिवाय' याखाली तुमची सही आहे. तेव्हा खोटं लिहिलंत की आज खोटं बोलताय?"

"तेव्हा."

"वा! नियमाप्रमाणे पासष्टच्या आतल्यांनाच प्रवेश होता. आपल्या भावाचं वय काय होतं?"

"कागदावर चौसष्ट."

"मी कागदावरचं विचारलं नाही."

खोलीत पंखा फिरत होता. मी वहिनीकडे पाहिलं. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. चौसष्ट म्हणायचं, एवढंच. कोणाकडे पुरावा आहे? पण त्या माणसाने विचारलं त्याअर्थी त्याला कुठून तरी कळलंय. सेटवरच्या दहा जणांना दादाने स्वतः हसत हसत सांगितलं असेल. हे एक खोटं निघालं की माझं बाकीचंही खोटं. मग लाइटमनचं काय?

"सहासष्ट," मी म्हटलं.

"सही करताना तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो. यादीही मीच केली."

वहिनीने मान वर केली नाही. घरी येताना ती रस्त्याच्या त्या कडेने चालली आणि मी या.

१ ऑक्टोबर

नोकरी गेली. गोपनीयतेचा भंग, कलम नऊ. तेही मीच लिहिलेलं. कामावरून काढल्याच्या पत्रात एक काना चुकलाय, तो मात्र माझा नाही.

२२ ऑक्टोबर

निकाल आला. वहिनीला वाचून दाखवला, कारण तिने चष्मा लावला नाही आणि कागदाला हातही लावला नाही.

हमीपत्रं ग्राह्य नाहीत. सेटवर आजारी पडलेल्या लाइटमन आणि कपडेपटवाल्या बाईचा उपचाराचा खर्च कंपनीने द्यायचा, विम्याचा दावाही कंपनीनेच पुढे पाठवायचा. बाकी चाळीस जणांवरचंही ते बंधन उठलं. आणि त्रेचाळिसावा, म्हणजे अठ्ठाविसावा: खरं वय लपवून प्रवेश घेतल्यामुळे अर्ज नामंजूर.

"लाइटमनची खोली राहिली म्हणायची," वहिनी म्हणाली.

"हो."

"बरं झालं."

मशीनवर अर्धवट कापड होतं, ते तिने सारखं केलं.

"तू सहासष्ट म्हणालीस ना, तेव्हा वाटलं उठावं आणि तुझं तोंड दाबावं. तिथेच, सगळ्यांसमोर."

"कळतंय मला."

"नाही कळत. मी तुला माफ केलं असं म्हणणार नाही. उगीच आशा ठेवू नकोस." मग विचारलं, "पुढे काही करता येतं का?"

"अपील. तीस दिवसांत. वय लपवलं ते खरं, पण आजार वयामुळे नाही, सेटवर लागला. आणि नव्या आजोबाच्या रिपोर्टची मागणी करता येईल. मिळेलच असं नाही."

"उद्या बसू. तू सांग, मी लिहिते. तुझ्या हातचा कागद नको आता मला."

२३ ऑक्टोबर

सकाळी दहाला बसलो. वहिनीचं अक्षर मोठं आणि उतरतं. शाळा सुटल्यापासून वाण्याची यादी सोडून तिने काही लिहिलेलं नाही. मी एक वाक्य सांगायची, ती ते तोंडात घोळवायची आणि स्वतःच्या शब्दांत लिहायची. 'मृत्यू' सांगितलं तर तिने 'माझे यजमान मेले' लिहिलं. 'संसर्ग' दोनदा चुकलं. मी दुरुस्त केलं नाही.

मयताच्या माहितीचे रकाने शेवटच्या पानावर होते. नाव, धंदा, पत्ता लिहून झाला. वयाच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. तिने मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. सहासष्ट लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली.